पोकर साइट्सच्या धंद्यात कायदा आला की नेमका मरतो कोण?

सड्यावरचो:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवा आहे, हसू नका. माझं कुडाळात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होतो तेव्हापासून, म्हणजे २००८-०९ पासून मी ऑनलाइन पोकर खेळतोय. घरात सगळ्यांना माहीतय, बायको चिडते पण माझी वही आहे, महिन्याला किती टाकले किती काढले सगळं लिहिलेलं असतं.

तर २०२५ च्या ऑगस्टात, गणपतीला चार-पाच दिवस होते, दुकानात चाकरमान्यांची ही गर्दी, मी एकाचा डिस्प्ले चिकटवत होतो आणि माझ्याच फोनवर मेसेज येतो की कॅश टेबलं (खरे पैसे लावायची) आजपासून बंद, बॅलन्स काढून घ्या. ३,४६० रुपये होते. आले परत, चार दिवसांनी का होईना. पण त्याच आठवड्यात टेलिग्रामवर तीन वेगवेगळे लोक मागे लागले, सर आमचं ॲप बाहेरचं आहे, इथला कायदा आम्हाला लागत नाही, बँक नको, क्रिप्टोत द्या.

आता प्रश्न. मी शिकलो तेव्हा हॉस्टेलचे सीनियर सांगायचे की आधी पार्टीपोकर एक नंबर होती, मग अचानक पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट वर आल्या, मग फुल टिल्ट बुडाली आणि स्टार्स एकटीच राहिली. मला कायम वाटायचं सॉफ्टवेअर भारी म्हणून स्टार्स जिंकली. माझा एक मित्र म्हणतो सॉफ्टवेअर वगैरे काही नाही, कायद्यानेच सगळं उलटंपालटं केलं. खरं काय? आणि आपल्याकडे पण तेच होणार का?

खाडीपलीकडचा:
दादा, मित्र बरोबर आहे तुमचा. बेलापूरला एका बँकेच्या पेमेंट खात्यात एकवीस वर्षं काढली, आता आचऱ्याला घरी आहे, त्यामुळे हा विषय मी पत्त्यांच्या बाजूने नाही, पैसे कुठून कुठे जातात त्या बाजूने बघितलेला आहे.

आधी एक समजून घ्या, पोकर साइट म्हणजे किराणा दुकान नव्हे. कणकवली स्टँडबाहेर मॅजिक उभ्या असतात बघा, तीन गाड्या असल्या तरी माणूस कुठल्या गाडीत बसतो? जिच्यात आधीच पाच जण बसलेत तिच्यात, कारण ती आधी सुटणार. नवी कोरी सीट असलेली रिकामी गाडी तशीच उन्हात राहते. पोकरचं तेच. टेबल भरलेलं असेल तर खेळाडू येतो, खेळाडू आले की टेबल भरतं. साइट स्वतः पत्ते खेळत नाही, प्रत्येक डावातून नाल कापते फक्त, त्याला ते रेक म्हणतात. म्हणून या धंद्यात पहिला आणि दुसरा यांच्यात फार अंतर पडतं, आणि पहिल्याला एकदा धक्का बसला की त्याची सगळी गर्दी एका रात्रीत दुसऱ्या गाडीत जाऊन बसते. तो धक्का कायद्याने दिला.

पैसे लावून पहिला ऑनलाइन डाव १९९८ च्या १ जानेवारीला प्लॅनेट पोकरवर झाला असं धरतात. पार्टी आणि स्टार्स दोन्ही २००१ च्या. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट (हो, आडनाव खरंच तेच आहे) स्टार्सवरच्या स्वस्तातल्या स्पर्धेतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे पोकरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला पोचला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते, २००६ ला ८,७७३. एवढी लाट आली आणि तिचं सगळ्यात जास्त पाणी पार्टीपोकरच्या विहिरीत गेलं. कंपनी जिब्राल्टरची, संस्थापकांतले दोघे आपले भारतीय, अनुराग दीक्षित तर आयआयटी दिल्लीचा. जून २००५ ला लंडनच्या शेअर बाजारात उतरले, किंमत धरली साधारण ४६० कोटी पौंड, सप्टेंबरात फुट्सी १०० मध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत. बहुतेक कमाई मात्र अमेरिकेतून.

आणि मग सप्टेंबर २००६ च्या शेवटी अमेरिकेच्या संसदेत एक बिल पास झालं. बिल कशाचं, तर बंदरांच्या सुरक्षेचं! आपल्याकडे बंदर म्हटलं की जेटी आणि सुकत घातलेले बोंबील, तिकडे बंदराच्या बिलाच्या शेपटाला ऑनलाइन जुगाराचा कायदा बांधून टाकला, युआयजीईए म्हणतात तो. १३ ऑक्टोबरला बुशसाहेबांची सही. गंमत म्हणजे त्यात खेळणाऱ्याला हात लावलेला नाही, बेकायदा जुगारासाठी पैसे घेणं हा गुन्हा केला आणि बँकांना सांगितलं असे व्यवहार अडवा. बिल पास झाल्यावर २ ऑक्टोबरला बाजार उघडला, आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी, आणि तिकडे पार्टीचा शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त पडला.

आता बघा. पार्टी शेअर बाजारातली कंपनी, ऑडिटर आहेत, पेन्शन फंडांचे पैसे आहेत, डायरेक्टरांना विमानाने अमेरिकेत उतरायचं असतं. ती निघाली बाहेर. स्टार्स खाजगी, एका कुटुंबाच्या हातातली, आइल ऑफ मॅनचं लायसन. तिच्या वकिलांनी सांगितलं पोकर कौशल्याचा खेळ, हा कायदा त्याला लागत नाही, बसा. ती बसली. फुल टिल्टपण बसली. पार्टीचे अमेरिकन खेळाडू काय पत्ते टाकून भजनाला गेले का? नाही. बाजूच्या गाडीत बसले.

म्हणजे बंदीने खेळ थांबला नाही, ज्याला गमवायला काही होतं तो आधी उठला. हे मला नवीन नाही वाटत कारण आपल्या समोरच्या समुद्रात हेच चालतं. जून-जुलैची मासेमारी बंदी आचऱ्याचा, मालवणचा पारंपरिक रापणवाला पाळतो. पर्ससीनवर (मोठ्या यांत्रिक जाळ्यांवर) बंधनं, एलईडी लाइट लावून मासे धरायला बंदी, सगळं कागदावर आहे. आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की बाहेर समुद्रात शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. कायदा जेवढा कडक आणि पहारा जेवढा ढिला, तेवढा फायदा न पाळणाऱ्याला.

पैशांची बाजू सांगतो कारण मला त्यातच रस. २००७ च्या जानेवारीत नेटेलर या वॉलेटच्या दोन संस्थापकांना अमेरिकेत पकडलं, ते वॉलेट तिथून गेलं. मग राहिलेल्या साइट्सना पैसे आत घ्यायचे कसे? तर अमेरिकन सरकारच्या आरोपपत्रात लिहिलंय, खोटी ऑनलाइन दुकानं उभी केली, कार्डाच्या स्टेटमेंटवर दागिने आणि गोल्फचे चेंडू. ही वाट चालेनाशी झाली तेव्हा युटाहमधल्या एका छोट्या अडचणीतल्या बँकेला हाताशी धरलं. बेलापूरला असतो तर असा व्यवहार मी स्वतः अडवला असता, अर्धा तासही लागला नसता. पण इथे स्पर्धेचा नियमच बदललेला बघा, चांगलं सॉफ्टवेअर, चांगली स्पर्धा हे सगळं मागे, ज्याच्याकडे पैसे आत-बाहेर करायची चोरवाट चांगली तो पुढे.

१५ एप्रिल २०११, शुक्रवार. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलाने स्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट या तिघांवर आरोपपत्र उघड केलं, अकरा जण आरोपी, वेबसाइटच्या जागी एफबीआयचा शिक्का. पोकरवाले याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. मग कळलं की फुल टिल्टने खेळाडूंचे ३९ कोटी डॉलर द्यायचे होते आणि बँकेत होते फक्त ६ कोटी. स्टार्सने मात्र अमेरिकन खेळाडूंचे पैसे लगेच परत केले. २०१२ ला तिने ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली आणि त्यात फुल टिल्टच विकत घेतली. दंड भरता भरता प्रतिस्पर्धी घेऊन टाकला, असला सौदा मी तरी दुसरा बघितला नाही. २०१४ ला अख्खी कंपनी कॅनडाच्या अमायाला ४९० कोटी डॉलरला गेली. आणि कायदा पाळून निघालेली पार्टी? दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन २०१६ ला दोन्ही मिळून साधारण ११० कोटी पौंडांना विकली गेली.

फार लांबलं, चहा ठेवतो.

आप्पा_रापणकर:
बरोबर सांगलंस पण मासो आणि पत्ते एक करू नको रे बाबा. मासो खाल्लो तर पोट भरता. बाकी ता खरा, बंदी पाळूची आमी आणि मासो नेवचो दुसऱ्यांनी.

वकीलीणबाई_रत्नागिरी:
खाडीपलीकडच्या काकांचं बरंचसं पटलं पण एक सुधारणा करते. पार्टी "कायदा पाळून" निघाली हे अर्धंच खरं. २००६ च्या आधीही अमेरिकन सरकारचं म्हणणं होतं की १९६१ च्या वायर ॲक्टखाली (तारेवरून-फोनवरून पैजा घेण्याविरुद्धचा कायदा) हे सगळं बेकायदाच आहे. म्हणून तर बाहेर पडूनही पार्टीला २००९ ला साडेदहा कोटी डॉलर भरावे लागले आणि दीक्षितांनी २००८ च्या डिसेंबरात गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. तेव्हा एक सज्जन आणि दुसरा चोर असं चित्र काढू नका, दोघे एकाच पडावात होते, एकाने आधी उडी मारली एवढंच. उलट खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवायचे ही शिस्त स्टार्सने पाळली होती, आणि "लायसनवाल्या" फुल टिल्टने नाही. तिच्याकडे ऑल्डर्नी बेटाचं लायसन होतं. कागद असून काय उपयोग झाला?

दुसरं, काका जे बोलले त्याच्या पुढची पायरी जास्त मजेशीर आहे. कायदा नुसता स्पर्धा बदलत नाही, स्पर्धक कायदाच हत्यार म्हणून वापरतात. २०१३ ला नेवाडाने ऑनलाइन पोकरच्या कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा त्यात अट घातली की २००६ नंतर अमेरिकनांना खेळवत राहिलेल्यांना पाच वर्षं लायसन नाही. "बॅड ॲक्टर" अट. नाव कोणाचं घेतलं नाही पण गावात सगळ्यांना माहीत असतं ना कोणाबद्दल बोलणं चाललंय, तसं. न्यू जर्सीने स्टार्सचा अर्ज अडकवून ठेवला, परवानगी मिळाली ती २०१५ च्या सप्टेंबरात, कंपनी विकली गेल्यावर. कॅलिफोर्नियात याच मुद्द्यावर आदिवासी जमातींचे कॅसिनो, पत्त्यांचे क्लब आणि स्टार्स वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी बिलच झालं नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा. त्यात कौशल्याच्या खेळाला सूट. रमी हा कौशल्याचा खेळ हे सुप्रीम कोर्टाने १९६८ ला म्हटलं, पोकरबद्दल मात्र प्रत्येक हायकोर्टाचं वेगळं. गुजरात हायकोर्ट २०१७ ला म्हणालं जुगार, मद्रास हायकोर्ट २०२३ ला म्हणालं कौशल्य. नागालँड पोकरला लायसन देत होतं, तेलंगणा २०१७ पासून सगळंच बंद. म्हणजे कंपनीने एकच ॲप काढायचं आणि राज्यागणिक दार उघडं-बंद ठेवायचं. याला वकील लागतात, आणि वकील फुकट येत नाहीत हे मी अधिकाराने सांगते. त्यामुळे छोट्या साइट्स तिथेच दमल्या.

उरलेल्यांना १ ऑक्टोबर २०२३ च्या जीएसटीने गाठलं. आधी १८ टक्के फक्त कंपनीच्या कमिशनवर, म्हणजे काकांच्या भाषेत नालेवर. मग २८ टक्के सरळ भरलेल्या रकमेवर. हजार टाकले की २१८ रुपये ७५ पैसे सरकारला, वॉलेटमध्ये ७८१. ज्यांच्या मागे गुंतवणूकदार होते त्यांनी तो फरक बोनस म्हणून स्वतःच्या खिशातून भरून दिला आणि खेळाडू धरून ठेवले. ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांनी काय करायचं? कर सगळ्यांना सारखा, पण सोसायची ताकद सारखी नव्हती.

आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन जो केंद्राचा कायदा आला त्यात कौशल्य की नशीब हा वादच संपवला, पैसे लावून ऑनलाइन खेळ म्हणजे बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात केली तर दोन वर्षं आणि पन्नास लाख, बँकांनी व्यवहार करायचा नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. २००६ चा अमेरिकन कायदा आठवला का कोणाला? सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे.

सड्यावरचो:
ताई, नागालँडचं माहीत नव्हतं. आणि ते ७८१ चं अगदी बरोबर, माझ्या वहीत ऑक्टोबर २०२३ पासून एक नवा कॉलम आहे, "बोनस परत".

देवगडचो_माल्टात:
मी माल्टाला एका गेमिंग कंपनीच्या कस्टमर सपोर्टला साडेतीन वर्षं आहे (हो आई अजून विचारते की नक्की काय काम करतोस). युरोपचं सांगतो कारण तिथे बंदी नव्हती तरी कायद्याने स्पर्धेची वाट लावली, ते पण कुंपण घालून.

इटली, फ्रान्स, स्पेन यांनी एकापाठोपाठ, फ्रान्सने २०१० ला, स्पेनने २०१२ ला, असं केलं की लायसन घ्या आणि आमच्या देशातल्या खेळाडूंनी आमच्याच देशातल्यांशी खेळायचं. म्हणजे काकांची मॅजिक घ्या आणि सांगा की या गाडीत फक्त देवगडवाले बसणार, त्या गाडीत फक्त मालवणवाले. गाड्या भरेचनात. रात्री बारानंतर मोठ्या पैशांच्या टेबलावर दोन माणसं, एक आपला फोल्ड करतोय (पत्ते टाकून डाव सोडतोय) आणि दुसरा सपोर्टला मेल टाकतोय की सगळे गेले कुठे. फ्रान्सने वर कर लावला तो नालेवर नाही, डावात जमलेल्या पैशावर. मग नाल वाढवावी लागली, मग चांगले खेळाडू सामान उचलून लंडनला नाहीतर इथे माल्टाला राहायला आले, खरंच आले, माझ्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत.

पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, त्या कुंपणामुळेच फ्रान्समध्ये विनामॅक्स नावाची तिथलीच साइट स्टार्सच्या तोडीस तोड उभी राहिली. उघड्या बाजारात तिला कोणी विचारलं असतं की नाही शंका आहे. शेवटी २०१७ च्या जुलैत चार देशांनी करार केला की टेबलं एकत्र करू, फ्रान्स-स्पेनची २०१८ च्या जानेवारीत झाली, पोर्तुगाल नंतर आलं, इटली सही करून घरी बसली.

अमेरिकेत पण तेच. नेवाडाची पहिली कायदेशीर साइट ३० एप्रिल २०१३ ला सुरू झाली आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बंद. अख्ख्या राज्यात माणसं अठ्ठावीस लाखांच्या आसपास, त्यात पोकरवाले किती आणि रात्री जागे किती. मग नेवाडा, डेलावेअर, न्यू जर्सी यांनी टेबलं जोडली, मिशिगन २०२२ ला आलं.

रेश्मा_वेंगुर्ला:
सगळं वाचलं. तुम्ही लोक स्पर्धा स्पर्धा करताय पण माझ्या भावाचे दोन वर्षांत साडेचार लाख गेले, काजूची बाग गहाण पडली, आणि ते कुठल्या चोरट्या ॲपवर नाही, रीतसर टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या ॲपवर गेले. जाहिरातीत एवढी मोठमोठी माणसं, त्याला वाटलं सरकारमान्यच असणार. मला काय फरक पडतो कायद्याने कुठली कंपनी मेली नि कुठली जगली? ॲप बंद झाल्यावर त्याला दोन महिने झोप लागत नव्हती, आता आंब्याच्या पेट्यांच्या कामाला जातो. टेलिग्रामवालेही त्याला आले होते. पण क्रिप्टो कसं घ्यायचं ते त्याला जमलं नाही म्हणून वाचला. बंदीने शंभरातले नव्वद जरी आळसाने थांबले तरी मला ती बंदी चालेल.

खाडीपलीकडचा:
रेश्माताई, तुमच्याशी वाद नाहीच. आणि तुम्ही जे "जमलं नाही म्हणून" लिहिलंत तेच पैशाची वाट बंद करण्यामागचं खरं गणित आहे. अमेरिकेत २००७ च्या वर्ल्ड सिरीजला खेळाडू ८,७७३ वरून ६,३५८ वर आले, कारण साइट्सना पूर्वीसारखं खेळाडू पाठवता येईनात. सवयीने येणारा गेला, हट्टाने येणारा राहिला. फक्त हट्टाने राहिलेला मग ज्या साइटवर जातो तिथे तक्रार करायला कोणी नसतं. ॲब्सोल्यूटवर २००७ ला एकाला सगळ्यांचे पत्ते दिसत होते, सगळ्यांचे! आणि ते पकडलं कुठल्या सरकारी खात्याने नाही, खेळाडूंनीच, कंपनीकडून आलेली डावांची फाइल चाळून.

सड्यावरचो:
रेश्माताई, वाईट वाटलं. माझ्या वहीचा मला जरा जास्तच अभिमान होता, आता लाज वाटली थोडी.

पण काका, मग उत्तर काय धरू? स्टार्स सॉफ्टवेअरमुळे जिंकली हे पूर्ण खोटं का?

खाडीपलीकडचा:
पूर्ण खोटं नाही. पार्टी उठल्यावर गर्दी स्टार्सकडे गेली ती कायद्यामुळे, आणि २०११ नंतर राहिली ती पैसे परत दिले म्हणून. फुल टिल्टचं सॉफ्टवेअर काय कमी होतं? बऱ्याच जणांना तेच जास्त आवडायचं. त्याने वाचली का?

आपल्याकडे काय होणार ते मी सांगू शकत नाही, पण ऑस्ट्रेलियाने २०१७ ला कायदा घट्ट केला तेव्हा स्टार्ससकट मोठ्या साइट्स निघाल्या आणि लायसनला न जुमानणाऱ्या बाहेरच्या साइट्सनी टेबलं चालूच ठेवली. तुमच्या टेलिग्रामवाल्या तिघांना ब्लॉक करा आधी.

सड्यावरचो:
केले. चौथा काल आला, म्हणतो मी कुडाळचाच आहे सर, दुकानात येऊन भेटतो. 😐

वकीलीणबाई_रत्नागिरी:
आला तर त्याचं नाव-नंबर लिहून घ्या आणि काही भरू नका. जाहिरात करणाऱ्याला पण कलम आहे, वर लिहिलंय.

देवगडचो_माल्टात:
मला एक कळत नाही. फोनवर बंद, पण बांद्याच्या पुढे तासा-दीड तासावर मांडवीत कॅसिनोच्या बोटी लाइट लावून उभ्या आहेत त्या चालू. आणि तिथे २०२० पासून गोंयकारालाच आत सोडत नाहीत, आपण सिंधुदुर्गवाले आधार कार्ड दाखवून आत. आणि आपल्याकडे महाराष्ट्राने १९७६ ला कॅसिनोचा कायदा केला होता ना?

वकीलीणबाई_रत्नागिरी:
केला होता. एक दिवसही लागू केला नाही. २०२३ ला रद्द केला.

आप्पा_रापणकर:
कायदो सत्तेचाळीस वर्षां कपाटात? आमच्या जेटीच्या फायलीची भैण ती.
सड्यावरच्या, गणपतीत आमच्या घराक ये. जागरणाक रमी आसता, पॉइंटाक चार आणे. नाल कोण कापणा नाय, फक्त चायचे पैशे वयनी आधी काढून घेता.

वकीलीणबाई_रत्नागिरी:
आप्पा, १९६८ च्या त्या केसमध्ये क्लब पण बसायचे पैसे घेत होता. चहापुरते घेतले तर चालतील, वहिनींना सांगा नफा काढू नका 😄

आप्पा_रापणकर:
ता तूच सांग तिका.